पुस्तक मराठीत कुणी आणलं तेवढं तरी छापा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नव्या पुस्तकांची चौकट आली होती त्यात पाच पुस्तकं होती, त्यातल्या दोन कादंबऱ्या मुळात मराठीतल्या नाहीतच, एक कन्नडवरनं आलीय आणि एक बंगालीवरनं, आणि दोन्हीच्या खाली मूळ लेखक, प्रकाशन, पानं किती, किंमत किती सगळं छापलंय, पण मराठीत आणली कुणी त्याचा पत्ताच नाही. तिसऱ्या पुस्तकाचं तर मुखपृष्ठ छापून 'नवीन' म्हटलंय, ते मी माझ्या लग्नाच्या आधी वाचलंय आणि माझ्या थोरल्या मुलाचं लग्न होऊन चार वर्षं झाली. म्हणून हे पत्र. लांब होणार, पाहिजे तर कापा, फक्त अनुवादकाचा मुद्दा कापू नका.

मी बेळगावच्या वडगावात पिठाची गिरणी चालवतो. सकाळी आठ ते दुपारी एक आणि संध्याकाळी चार ते आठ, मधल्या वेळात जेवण आणि पुस्तक. गिरणीत पण वाचतो, गव्हाचा डबा एकदा वर ओतला की दहा मिनिटं कुणाला माझी गरज नसते, जोंधळ्याला थोडं लक्ष द्यावं लागतं. वाचनालयातले लोक माझी परत आलेली पुस्तकं ओळखतात, पानं झटकली की पीठ पडतं. एकदा तिथल्या बाई म्हणाल्या, काका नाचण्याचं पीठ दिसतंय ह्यावेळी. मी कॉलेज बघितलेलं नाही, साहित्यातलं मला काही कळतं असा दावा पण नाही, पण पस्तीस वर्षं हातात पुस्तक आहे आणि ह्या पस्तीस वर्षांत जी चांगली पुस्तकं सापडली त्यातली निम्मी चुकून सापडली. माझं दुखणं तेच आहे. चुकून का सापडावीत? पेपर रोज येतोय की घरात.

आता 'वंशवृक्ष'चं ऐका. भैरप्पांची कादंबरी, कन्नडमध्ये १९६५ ला आली. मला ती मिळाली वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात, कुणीतरी नुकतीच आणून टाकलेली, मी वंशावळीचं काहीतरी ऐतिहासिक असेल म्हणून उचलली. गिरणीत वाचत बसलो होतो आणि शेजारच्या अक्का जोंधळा घेऊन आल्या. अक्कांच्या घरात कन्नड, आमच्या घरात मराठी, भिंत एकच. त्यांनी पुस्तकावरचं नाव वाचलं, मराठी वाचायला येतं त्यांना, आणि म्हणाल्या, अय्यो, ह्ये तर आमचं पुस्तक. मग घरात जाऊन स्वतःची प्रत घेऊन आल्या, पाठीला डिंकाची पट्टी लावलेली, पहिली सोळा पानं गायब.

तिथनं पुढे दोन महिने आमचं जे चाललं ते बघून गिऱ्हाईकं हसायची. मी मराठीत वीस पानं वाचायचो, त्या कन्नडमध्ये वीस पानं वाचायच्या, आणि दुसऱ्या दिवशी दळण घ्यायला आल्या की हिशोब. नंजनगूडला कपिला नदीच्या काठावर श्रीनिवास श्रोत्रींचं घर, तरुण मुलगा नदीत बुडून गेलेला, मागे सून कात्यायनी आणि लहान पोर. ती म्हैसूरला कॉलेजात जायला लागते आणि पुढे दुसरं लग्न करते, पोर मात्र सासऱ्याकडेच राहतं. अक्का पहिल्या दिवसापासनं कात्यायनीच्या बाजूनं. मी श्रोत्रींच्या बाजूनं होतो, नंतर नंतर माझं मलाच कळेना मी कुणाच्या बाजूनं आहे. एक दिवस डाळीचं पीठ दळायला आलेल्या एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पोराला सोडून गेली म्हणता, मग पोराला नेऊ दिलं असतं काय ह्या म्हाताऱ्यानं? आम्ही दोघं गप्प. त्या बाईंनी पुस्तक वाचलेलं नव्हतं बरं का. नंतर नेलं त्यांनी, माझीच वाचनालयाची मुदत वाढवून घ्यावी लागली.

मजा अशी की अक्कांना ते कन्नड सगळंच जवळचं वाटत नव्हतं. भैरप्पा हासन-म्हैसूरकडचे, तिकडचं कन्नड वेगळं आणि आमच्या बेळगाव-धारवाडकडचं वेगळं. अधनंमधनं अक्का पुस्तक खाली ठेवून म्हणायच्या, आमच्यात असं बोलत न्हाईत बगा, मराठीत कसं आलंय वाच की जरा. मी वाचून दाखवायचो. कधी म्हणायच्या छलो अद, म्हणजे चांगलं आहे, कधी म्हणायच्या आमच्यात दोन शब्दांत होतं ते तुमच्यात अख्ख्या वाक्याला बसलंय. एकदा अडकित्त्यावरनं वाद झाला, अडकित्ता तुमचा की आमचा. तो कन्नडमधनंच मराठीत आलाय म्हणतात, तूप पण तिकडनंच, आणि मी त्यांना हाक मारतो ते अक्का पण. माझी बायको म्हणाली, राहू द्या आता, उद्या गिरणी पण त्यांची निघायची.

तर हे सगळं ज्यांच्यामुळे झालं त्या उमा कुलकर्णी. जन्म बेळगावचा. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला त्यांना १९८९ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यांचं काम कसं चालायचं ते वाचलं तेव्हा मी गिरणी बंद करून बसलो होतो एक तास. त्यांचे यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून टेपवर रेकॉर्ड करून ठेवायचे आणि ह्या ते ऐकून ऐकून मराठीत लिहायच्या. म्हणजे आधी कान. मला वाटतं म्हणूनच ते मराठी वाचताना कुठं खडा लागत नाही, पंगतीत शेजारी बसून कुणी सांगितल्यासारखं येतं. कन्नडमधले कारंत, तेजस्वी, गिरीश कार्नाडांचं आत्मचरित्र, किती काय काय आणलं बाईंनी, आणि मी त्यांचं नाव पहिल्यांदा नीट वाचलं ते 'वंशवृक्ष' वाचून झाल्यावर, पुन्हा पहिल्या पानाकडे आलो तेव्हा. माझी पण चूक, पण त्याआधी कुठल्या पेपरात त्यांचं नाव पुस्तकाच्या नावाशेजारी मी बघितलेलं नव्हतं हे पण खरं.

भैरप्पा २०२५ च्या सप्टेंबरात गेले. त्या आठवड्यात सगळ्यांना त्यांची पुस्तकं पाहिजे झाली, माझ्याकडे गिऱ्हाईकं विचारत होती कुठलं आधी वाचू. मी म्हटलं गेल्यावर कशाला, असताना विचारायचं होतं. असो.

मी स्वतः कन्नड बोलतो बऱ्यापैकी, वाचतो मात्र दुकानाच्या बोर्डापुरतं आणि बसच्या पाटीपुरतं. कादंबरी घेऊन बसलो तर एका पानाला अर्धा तास, जोंधळा जळून जाईल तोवर. आमच्या पिढीत असे हजारो आहेत ह्या भागात, निपाणीपासनं खानापूरपर्यंत. कानाला कन्नड पक्कं, डोळ्याला नाही. आणि आमची पोरं उलटी, शाळेत कन्नड शिकली म्हणून वाचतात फडाफडा, पण घरी मराठीत मोबाईल बघत बसतात. तुम्ही बेळगावात पेपर काढता तर हा वाचक तुमच्या डोळ्यासमोर पाहिजे की नको? पुण्याच्या वाचकाला कन्नड कादंबरीचा अनुवाद म्हणजे लांबच्या गावची गोष्ट असेल, आम्हाला ती भिंतीपलीकडची आहे.

ह्याचं सगळ्यात लाज वाटणारं उदाहरण माझंच देतो. कन्नड कवी-नाटककार चंद्रशेखर कंबार, २०१० चं ज्ञानपीठ. हा माणूस आमच्या जिल्ह्यातला, घोडगेरीचा. कपिलेश्वराच्या पुलावरनं गाडी काढली तर दुपारच्या जेवणाला घोडगेरीत पोचू, आणि वयाची पंचावन्न वर्षं मी त्यांची एक ओळ वाचलेली नव्हती, नाव ऐकून होतो फक्त, आणि ते पण कुठल्यातरी सत्काराच्या फोटोखाली. कन्नडला आत्तापर्यंत आठ ज्ञानपीठं आहेत, मराठीला चार, हे आमच्याकडे चिडून सांगतात किंवा अभिमानानं सांगतात, सांगणारा कोण त्यावर आहे. पण त्या आठांपैकी किती जणांची पुस्तकं तू वाचलीस असं विचारलं की सगळे चहा मागवतात. सीमाप्रश्नाबद्दल मी इथं काही लिहीत नाही, माझं मत सगळ्यांना माहीत आहे आणि आमच्या घरातनं लोक जेलमध्ये पण जाऊन आलेत. पण अक्कांच्या कपाटातल्या कादंबरीशी माझं काही भांडण नाही.

आता जीएंकडे येतो. जी. ए. कुलकर्णी आमचे म्हणून आम्ही मिरवतो, बेळगावात वाढले, धारवाडला इंग्रजी शिकवलं, 'काजळमाया'ला अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांनी परत केला, हे सगळं इथल्या कुणालाही विचारा, सांगेल. पण जीएंनी कॉनराड रिक्टर नावाच्या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या हे विचारा. मला स्वतःला ते कळलं खानापूरच्या एका गिऱ्हाइकामुळे, वर्षाला एकदा नाचणा घेऊन येणारा माणूस, त्यानं पिशवीतनं 'रान' काढलं आणि म्हणाला आमच्या जंगलावर लिहिलंय असं वाटतंय. वाचलं तर अमेरिकेतल्या ओहायोचं जंगल निघालं. एक कुटुंब पेनसिल्व्हेनिया सोडून त्या जंगलात शिरतं, झाडं इतकी दाट की ऊन खाली येत नाही, आणि थोरली मुलगी सगळा संसार अंगावर घेते. पुढचा भाग 'शिवार' आणि तिसरा 'गाव'. इंग्रजीत दुसऱ्या भागाचं नाव 'द फील्ड्स' आहे, म्हणजे सरळ शेतं. आता इथं बघा, दुसरा कुणी असता तर 'शेते' नाव ठेवून मोकळा झाला असता, जीएंनी शिवार घेतलं. शिवार म्हणजे एकाचं शेत नव्हे, गावाभोवतीची सगळी पिकाची जमीन, तुझी माझी सगळ्यांची मिळून. झाडं तोडून जमीन मोकळी झाली, शेजारी आले, रान संपून शिवार झालं, हे सगळं त्या एका शब्दात बसलंय. हा शब्द डिक्शनरीत बघून सुचत नाही, तो येळ्ळूरच्या रस्त्यानं चालत गेलेल्या माणसाला सुचतो असं माझं मत. जीए कुठल्या रस्त्यानं चालायचे मला ठाऊक नाही, पण मत ते मत.

मूळ तिसऱ्या भागाला तिकडे १९५१ चं पुलित्झर मिळालंय. आणि आमच्याकडे हे तिन्ही भाग जीएंच्या कथांच्या शेजारी ठेवून कुणी बोलत नाही, 'अनुवाद' म्हणून एका ओळीत आटपतात. अनुवाद म्हणजे जणू लेखकानं सुट्टीत केलेलं काम.

ह्याच्या उलटं लंपनचं झालं आणि ते बघून मला बरं वाटलं. प्रकाश संतांचं 'वनवास' १९९४ चं, मग 'शारदा संगीत', 'पंखा', आणि ते गेल्यावर २००४ ला आलेलं 'झुंबर'. आमच्या बेळगावची बोली, कन्नडचा हेल असलेली, आजी-आजोबांकडे राहणारं पोरगं, तोच लंपन. आम्ही वाचलेलं होतं. पण २०२४ मध्ये त्याच्यावर ओटीटीला मालिका आली आणि आमच्या गल्लीतली नववीतली पोरगी गिरणीत येऊन विचारते, काका ते लंपनचं पुस्तक पण आहे काय. पुस्तक *पण* आहे काय! मी हसलो, मग नेऊन दिलं. चार दिवसांनी परत आली तर म्हणाली, मालिकेत आजी कमी बोलते, पुस्तकात जास्त बोलते आणि आमच्या आजीसारखी बोलते. तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक त्या पोरीसाठी ह्या वर्षीचं नवं पुस्तक आहे. माझं म्हणणं एवढंच की नव्या आवृत्तीचा मान नव्या पुस्तकाइतकाच ठेवा, पण ती नवी *आवृत्ती* आहे हे सांगून ठेवा.

कारण न सांगितल्यानं काय होतं तर ऐका माझी फजिती. एका दुकानात, नाव सांगत नाही, दुकानदाराशी बोलणं आहे अजून, टेबलावर 'नवीन आलेली' म्हणून एक कादंबरी होती, झक्क कव्हर, साडेतीनशे रुपये. घेतली. रात्री वाचायला बसलो, तिसऱ्या पानावर वाटलं हे कुठंतरी झालेलं आहे आपलं. दहाव्या पानावर पुढचं वाक्य पुस्तकाच्या आधी माझ्या तोंडात आलं. माळ्यावरनं ट्रंक काढली, त्यात तेच पुस्तक, नाव तेच, पण जुनं कव्हर इतकं विटलेलं की नाव बोटानं चाचपून वाचावं लागलं, किंमत चाळीस रुपये. नव्या प्रतीत आत छापलंय 'पहिली आवृत्ती' आणि साल अलीकडचं. म्हणजे त्या नव्या प्रकाशकाची ती पहिली आवृत्ती हो, पुस्तकाची नव्हे. पुस्तक आधी कधी आलं होतं, कुणी काढलं होतं, ह्याची एक ओळ नाही. परत द्यायला गेलो तर म्हणाले पिठाचे डाग पडलेत. होते, खोटं कशाला बोलू.

पैशाचं सोडा, साल कळलं नाही तर पुस्तकच वेगळं वाचलं जातं. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या. युरोपातनं हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, त्यात हिटलरच्या जर्मनीतनं पळालेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर विध्वंस. माझ्या भाच्याला दिली वाचायला, प्रतीचं पहिलं पान फाटलेलं होतं. वाचून म्हणाला चांगली आहे मामा, लेखकानं महायुद्धाचा अभ्यास भारी केलाय. मी म्हटलं अरे अभ्यास कसला, पुस्तक १९३९ चं आहे. युद्ध पेटलं त्याच वर्षीचं. ह्या माणसाला पुढं काय होणार ते माहीत नव्हतं, त्या बोटीवरच्या लोकांचं काय व्हायचं ते अजून व्हायचं होतं, तेव्हा लिहिलंय. भाचा काही बोलला नाही, पुस्तक परत घेऊन गेला. दुसऱ्यांदा वाचून आला तेव्हा त्याचा चेहराच वेगळा होता. पुस्तक तेच, फक्त चार आकडे कळले होते. म्हणून म्हणतो साल छापा.

हिवाळा आला की आमच्याकडे कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी अशी गावोगावी संमेलनं होतात, ग्रंथदिंडी निघते, लेझीम, फेटे, जेवणाला भात-आमटी, आणि तिकडची मोठी मंडळी येऊन भाषणं करतात. मी जवळजवळ सगळ्यांना जातो, गिरणी मुलाकडे देऊन. भाषणांबद्दल बोलत नाही. पण मंडपाबाहेरच्या स्टॉलवर दरवर्षी तीच पुस्तकं, श्रीमंत कसे व्हावे, यशस्वी कसे व्हावे, आणि मग जाडजूड ऐतिहासिक. ऐतिहासिक मला पण आवडतात, रणजित देसाईंचं कोवाड तर आमच्या शेजारीच, 'स्वामी' मी तीनदा वाचलीय. पण एक टेबल नव्या आवृत्त्यांचं आणि एक टेबल अनुवादाचं लावायला काय हरकत आहे? मागच्या खेपेला एका स्टॉलवाल्याला विचारलं कन्नडवरनं मराठीत आलेलं काय आहे, तर म्हणाला काका, कन्नड पुस्तकांचा स्टॉल इथं नाही. बघा आता. बेळगाव तालुक्यात उभा राहून.

२०२५ ला हासनच्या बानू मुश्ताक यांना कथांसाठी आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, कन्नडला पहिल्यांदाच. 'हार्ट लँप', बारा कथा, १९९० पासनं पुढच्या तीसेक वर्षांत लिहिलेल्या, इंग्रजीत आणल्या दीपा भास्ती यांनी. त्या पुरस्काराचे पन्नास हजार पौंड असतात आणि ते लेखक आणि अनुवादक ह्यांच्यात निम्मे निम्मे वाटतात. निम्मे! मी अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या बरोबरच हाय, दळलं तुमी पण जोंधळा माझाच की. मी म्हटलं मग दळणाचे पैसे पण निम्मे निम्मे करू काय, तर पिशवी उचलून गेल्या. पण बघा, तिकडे पैसे अर्धे देतात आणि आमच्याकडे चौकटीत नाव छापायला अर्धी ओळ मिळत नाही.

मला त्या कथा मराठीत वाचायच्या आहेत आणि थेट कन्नडवरनं झालेल्या वाचायच्या आहेत, इंग्रजीवरनं वळसा घेऊन आलेल्या नकोत. हासनची मुसलमान बाई कन्नडमध्ये बोलणार, ती आधी लंडनला जाणार आणि तिथनं बेळगावला येणार, एवढा प्रवास कशाला? आमच्याकडे दोन्ही भाषा तोंडात असलेली माणसं गल्लीगल्लीत आहेत. चंद्रकांत पोकळे ह्यांच्यासारखी माणसं इथं राहून मराठी पुस्तकं कन्नडमध्ये नेतात, ते तिकडचे वाचक वाचतात. त्यांच्याबद्दल तरी आपल्या पुरवणीत कधी पानभर आलंय काय? माझ्या वाचनात नाही.

माझं मागणं मोठं नाही. चौकट आहे तेवढीच ठेवा. कादंबरी अनुवादित असेल तर अनुवादकाचं नाव लेखकाच्या नावाखाली, त्याच टायपात, मूळ भाषा कुठली आणि थेट तिच्यावरनं केलंय की मधे दुसरी भाषा आहे ते. जुनं पुस्तक पुन्हा निघालं असेल तर पहिल्यांदा कधी आलं ते साल. जागा नसेल तर पानं किती ते काढून टाका, पानं मोजून कोण पुस्तक घेतंय. आणि महिन्यातनं एक रविवार इथल्याच कुणाकडनं तरी एका पुस्तकाबद्दल लिहून घ्या, प्राध्यापकच पाहिजेत असं नाही. खानापूरचा तो नाचणावाला जंगलावर जे बोलला ते मी कुठल्या परीक्षणात वाचलेलं नाही. गणपत गल्लीतलं आमचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासनंचं आहे, तिथं रोज सकाळी पेपर वाचायला येणारी माणसं आहेत, त्यांना विचारलं तरी वर्षभराचा मजकूर निघेल. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही पानभर रंगीत छापलं होतं ते आम्ही कापून ठेवलंय. तेवढी जागा मागत नाही.

अक्का सध्या भैरप्पांचं 'मंद्र' वाचतायत, कन्नड. मराठी प्रत वाचनालयात बाहेर गेलेली आहे, कुणी नेलीय त्यांनी जरा लवकर आणून द्यावी ही विनंती. त्या शंभर पानं पुढे गेल्यात आणि रोज येऊन काहीतरी सांगायला बघतात, मी चक्की चालू करून ठेवतो.

आपला,
एक गिरणीवाला वाचक
वडगाव, बेळगाव

ता. क. – सुरुवातीला चौकटीतल्या ज्या कन्नडवरनं आलेल्या कादंबरीबद्दल लिहिलंय ती काल हातात आली. अनुवादकाचं नाव पुस्तकात आहे. कव्हरवर नाही, पाठीवर नाही, आत चौथ्या पानावर, अक्षरजुळणी आणि मुद्रणस्थळ ह्यांच्या मधे. चष्मा लावून सापडलं नाही, सुनेनं मोबाईलवर फोटो काढून मोठं करून दाखवलं. दुरुस्ती छापणार असाल तर फोन करा, कळवतो. दुपारी एक ते चार करू नका, तेव्हा वाचत असतो.